पिवळ्या-काळ्या पट्ट्यांतली साक्ष

लांब केसांचे चार देवदूत सैतानाला आगीच्या खाईत भिरकावत आहेत आणि त्या सैतानाच्या हातात इलेक्ट्रिक गिटार आहे. ‘टू हेल विथ द डेव्हिल’ या अल्बमचं हे पहिलं मुखपृष्ठ. कॅलिफोर्नियातल्या एनिग्मा रेकॉर्ड्स या कंपनीने २४ ऑक्टोबर १९८६ रोजी तो बाजारात आणला. बँडचं नाव स्ट्रायपर. अल्बमचं नाव म्हणजे सैतानाला दिलेला सरळ शाप होता आणि चित्रातल्या देवदूतांच्या चेहऱ्यांत बँडमधलेच चौघे तरुण ओळखू येत होते. ख्रिस्ती मंडळींमध्ये या चित्रावरून गदारोळ झाला आणि मेटलच्या चाहत्यांनाही ते रुचलं नाही. लवकरच ते काढून टाकण्यात आलं आणि त्या जागी साधं काळं वेष्टन आलं.

एकाच चित्राने एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन समाज एकाच वेळी नाराज झाले. चर्चमधल्या लोकांना त्यातले केस आणि गिटार खटकली, मेटलवाल्यांना त्यातले देवदूत. तरीही या अल्बमच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. उघडपणे येशूचं नाव घेणाऱ्या मेटल बँडच्या वाट्याला असं यश त्याआधी कधीच आलं नव्हतं. हे कसं घडलं आणि लोकांनी या अल्बमला कसं वागवलं, ही हकिकत संगीताइतकीच श्रद्धेच्या इतिहासातही मोलाची आहे असं मला वाटतं.

हेवी मेटलवरचा सैतानाचा शिक्का जुना आहे. १९७० साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथने आपल्या पहिल्या अल्बमची सुरुवात पावसाच्या, घंटेच्या आवाजाने केली आणि मग गिटारवर तीन स्वरांची एक जड, रेंगाळणारी धून वाजवली. षड्‌ज, वरचा षड्‌ज आणि मग तीव्र मध्यम. पाश्चात्त्य संगीतात सा आणि तीव्र म यांमधल्या या अंतराला ट्रायटोन म्हणतात आणि जुन्या संगीतशास्त्र्यांनी त्याला सैतानाचं नाव चिकटवलं होतं. चर्चने मध्ययुगात या स्वरांतरावर बंदी घातली होती असं मेटलचे चाहते अभिमानाने सांगतात. ती दंतकथा आहे. पण दंतकथेने आपलं काम केलं. कानाला अस्वस्थ करणारा तो स्वर, काळे कपडे, उलटे क्रूस, भुताखेतांची गाणी, यांतून मेटल म्हणजे सैतानाचं संगीत हे समीकरण पक्कं झालं.

गंमत म्हणजे त्याच ब्लॅक सॅबथने १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बममध्ये ‘आफ्टर फॉरएव्हर’ नावाचं गाणं केलं, ज्यात देवाला नाकारणाऱ्यांनाच प्रश्न विचारलेले आहेत. बँडचा बेसवादक आणि गीतकार गीझर बटलर कॅथलिक घरात वाढलेला होता. म्हणजे मेटलच्या जन्मापासूनच त्यात देवाविषयीचं बोलणं होतं. फक्त ते ऐकायला कोणी तयार नव्हतं.

१९८०च्या दशकात अमेरिकेत या संशयाने भीतीचं रूप घेतलं. रेकॉर्ड उलटी फिरवली की त्यातून सैतानाचे निरोप ऐकू येतात, असं प्रवचनकार सभांमधून सांगत आणि रेकॉर्डी उलट्या वाजवून दाखवत. १९८५च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये रिचर्ड रामिरेझ या खुन्याने दहशत माजवली. तो पकडला गेला तेव्हा तो एसी/डीसी बँडचा चाहता असल्याच्या बातम्या झळकल्या. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या समितीपुढे रॉकच्या शब्दांवर सुनावणी झाली. टिपर गोर आणि त्यांच्या सहकारी महिलांनी स्थापन केलेल्या पालक गटाने पंधरा आक्षेपार्ह गाण्यांची यादी केली होती आणि त्यात बरीच गाणी मेटलची होती. ट्विस्टेड सिस्टर बँडचा गायक डी स्नायडर जीन्स आणि बिनबाह्यांच्या डेनिम जॅकेटात साक्षीला आला आणि आपण ख्रिस्ती घरात वाढलो, आजही ती मूल्यं पाळतो, असं त्याने सिनेटरांना सांगितलं. अनेकांना ते खरं वाटलं नाही.

पालक घाबरलेले, पाळक सावध आणि पोरं हेडफोन लावून बसलेली, अशा त्या दिवसांत दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीतून चार पोरं पिवळे-काळे पट्टे अंगावर चढवून पुढे आली.

मायकेल स्वीट गायचा आणि गिटार वाजवायचा, त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट ड्रमवर होता. ऑझ फॉक्स दुसऱ्या गिटारवर, टिम गेन्स बेसवर. सुरुवातीला बँडचं नाव रॉक्स रेजीम होतं आणि हॉलिवूडच्या सनसेट स्ट्रिपवरच्या क्लबांमध्ये ते इतर शेकडो बँडसारखंच वाजवत होते. स्वीट कुटुंब १९७०च्या दशकात टीव्हीवरचं एक प्रवचन पाहून प्रभूकडे वळलं होतं. पुढे मुलं त्या वाटेपासून दूर गेली. १९८३ साली मायकेल, रॉबर्ट आणि त्यांच्या साथीदारांनी पुन्हा समर्पण केलं आणि ठरवलं की वाजवायचं ते हेच, फक्त आता ते प्रभूसाठी. त्यांनी केस कापले नाहीत, अँपचा आवाज कमी केला नाही, क्लब सोडले नाहीत. शब्द बदलले आणि नाव बदललं.

हे नाव बायबलमधून आलं आहे. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या ५३व्या अध्यायात इतरांच्या पापांसाठी मार खाणाऱ्या एका सेवकाचं वर्णन आहे आणि ख्रिस्ती परंपरा तो सेवक म्हणजे येशू असं मानते. पाचव्या ओवीत त्याच्या अंगावर उठलेल्या वळांमुळे आपण बरे झालो असा आशय आहे. बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात वळांसाठी जो शब्द आहे तोच पट्ट्यांसाठीही वापरतात. म्हणून कपड्यांवर पट्टे, गिटारींवर पट्टे, ड्रमवर पट्टे, आणि बोधचिन्हाखाली ‘यशया ५३:५’ असा संदर्भ. लांबून जो नुसता भडक पोशाख वाटतो, त्याच्यामागे चाबकाच्या फटक्यांची आठवण आहे. हे कळल्यावर मला तो पोशाख वेगळाच दिसू लागला.

१९८४ मध्ये त्यांचं पहिलं छोटं ध्वनिमुद्रण आलं, ‘द यलो अँड ब्लॅक अटॅक’. १९८५ मध्ये ‘सोल्जर्स अंडर कमांड’ आला आणि पाच लाख प्रतींचा गोल्डचा टप्पा गाठून गेला. कार्यक्रमात ते नव्या कराराच्या प्रती प्रेक्षकांत फेकत. इतर बँड ६६६ हा आकडा मिरवत, तिथे हे ७७७ मिरवत. मेटलचे चाहते दोन बोटांची शिंगं दाखवत, तिथे स्ट्रायपरचे चाहते एकच बोट आकाशाकडे करत. रॉबर्ट स्वीट आपला ड्रमसेट प्रेक्षकांना आडवा लावायचा, म्हणजे वाजवताना त्याचे हातपाय सगळ्यांना दिसत. स्वतःला तो ड्रमर म्हणवत नसे, डोळ्यांना दिसणारा ताल धरणारा म्हणवत असे.

ख्रिस्ती रॉक त्यांनी सुरू केलं नाही, हेही इथे सांगितलं पाहिजे. त्याच कॅलिफोर्नियात १९६०च्या दशकाच्या अखेरीस हिप्पी तरुणांमध्ये येशूची चळवळ पसरली होती. कोस्टा मेसा इथल्या कॅल्व्हरी चॅपलने अनवाणी, लांब केसांच्या पोरांना दार उघडलं आणि त्यांची गाणीही आत घेतली. लॅरी नॉर्मन या गायकाने १९७२ सालीच गाण्यातून विचारलं होतं की चांगलं संगीत सगळं सैतानाकडेच का असावं. शिकागोच्या रिझरेक्शन बँडने १९७८ मध्ये ‘अवेटिंग युवर रिप्लाय’ हा दणकट हार्ड रॉकचा अल्बम केला. पण ही गाणी बहुतेक करून ख्रिस्ती दुकानांत, ख्रिस्ती शिबिरांत राहिली. स्ट्रायपर क्लबांतून आले होते आणि त्यांना तिथेच राहायचं होतं. एनिग्मा ही काही ख्रिस्ती कंपनी नव्हती. तिच्या यादीत सर्व तऱ्हेचे बँड होते. त्यामुळे ‘टू हेल विथ द डेव्हिल’ साध्या रेकॉर्डच्या दुकानात इतर मेटल अल्बमांच्या शेजारी उभा राहिला. त्याच्या यशाचं अर्धं कारण मला यात दिसतं.

उरलेलं अर्धं कारण त्यातल्या संगीतात आहे, आणि त्याच्याबद्दल नीट बोललं जात नाही. ख्रिस्ती मेटल म्हटलं की लोक शब्दांवर वाद घालतात. पण सोळा वर्षांचा पोरगा शब्दांसाठी अल्बम विकत घेत नाही.

अल्बमची सुरुवात ‘ॲबिस’ नावाच्या मिनिटभराच्या वाद्यसंगीताने होते. खोल, अंधारे कीबोर्डचे सूर, जणू कुठल्यातरी भयपटाची सुरुवात. आणि मग शीर्षकगीत फुटतं. दोन्ही गिटारी एका वेगवान, तुटक ठेक्यावर. उजव्या हाताचा तळवा तारांवर हलका टेकवून वाजवलं की प्रत्येक ठोका दबका आणि कोरडा येतो, घोड्याच्या टापांसारखा. मेटलच्या ताकदीचं मूळ बरंचसं या साध्या युक्तीत आहे. त्याच्या जोडीला असतो तो पॉवर कॉर्ड, म्हणजे फक्त सा आणि प. त्यात गंधार नाही, म्हणून तो आनंदीही वाटत नाही आणि उदासही वाटत नाही, नुसता ठाम वाटतो. विस्कटलेल्या, अँपमधून मुद्दाम फाडलेल्या आवाजात तीन स्वरांचा पूर्ण कॉर्ड चिखलासारखा ऐकू येतो. दोनच स्वर ठेवले की तो स्वच्छ आणि अजस्र होतो.

या पायावर स्ट्रायपरने दोन गोष्टी उभ्या केल्या. पहिली, जोडगिटारी. मायकेल स्वीट आणि ऑझ फॉक्स एकच धून एकाच वेळी दोन वेगळ्या पट्ट्यांत वाजवतात, एक गिटार दुसरीच्या वर साधारण तिसऱ्या स्वरावर. ही पद्धत थिन लिझी, जुडास प्रीस्ट आणि आयर्न मेडन यांनी रूढ केलेली. पण स्ट्रायपरच्या जोडगिटारींत एक उजळपणा आहे, त्या गायल्यासारख्या वाटतात. दुसरी गोष्ट म्हणजे गळे. मायकेल स्वीटचा आवाज फार वरच्या सप्तकात जातो आणि तिथेही तो बारीक होत नाही. शीर्षकगीतातली त्याची किंकाळी ऐकून आजही अंगावर काटा येतो. पण ध्रुवपदात त्याच्या मागे तीन-चार आवाजांचे थर उभे राहतात आणि तिथे ऐकू येते ती सनसेट स्ट्रिप नसते, ते चर्चमधलं समूहगान असतं. रविवारी सकाळी जे कानावर पडत वाढलो ते शनिवारी रात्रीच्या गाण्यात मिसळायचं, हे अमेरिकी संगीतात जुनं आहे. मेटलमध्ये ते इतक्या मोकळेपणी कोणी केलं नव्हतं.

‘कॉलिंग ऑन यू’ हे तिसरं गाणं आणि ‘फ्री’ हे चौथं, ही दोन्ही रेडिओला चालतील अशी नेटकी रॉक गाणी आहेत. ‘फ्री’ मला या अल्बमचं शिखर वाटतं. त्याचा विषय माणसाला मिळालेलं निवडीचं स्वातंत्र्य. ज्या पिढीला रोज सांगितलं जात होतं की हे ऐकू नको, ते घालू नको, तिला हे गाणं म्हणतं की निवड तुझी आहे आणि जबाबदारीही तुझी. त्याचं ध्रुवपद इतकं मोकळं, हात पसरल्यासारखं आहे की शब्द न कळणारा माणूसही विषय ओळखेल. नंतर येतं ‘ऑनेस्टली’, पियानोवरचं हळवं गाणं. ते प्रेयसीसाठी गायलं आहे की मित्रासाठी की देवाकडून माणसासाठी, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. ‘द वे’ हे ऑझ फॉक्सचं गाणं पुन्हा वेगाकडे नेतं. ‘सिंग-अलाँग साँग’ सभागृहातल्या गर्दीला सोबत गायला लावण्यासाठी केलेलं आहे आणि घरी बसून ऐकताना जरा लांबतं. अखेरचं ‘मोअर दॅन अ मॅन’ मात्र सगळी संदिग्धता टाकून येशूची थेट साक्ष देतं, आणि तेही अल्बममधल्या सर्वांत आक्रमक सुरावटीवर. हा क्रम मला धाडसाचा वाटतो. रेडिओसाठी विषय जरा झाकायचा आणि शेवटी पूर्ण उघडायचा.

ध्वनिमुद्रणाच्या काळात बँड आतून हललेला होता. टिम गेन्स तेव्हा बँडमधून बाहेर पडला होता. अल्बमवर बेस वाजवला तो ब्रॅड कॉब या वादकाने, आणि कीबोर्ड जॉन व्हॅन टाँगरेनने. अल्बम बाहेर येताना गेन्स परतला होता. निर्मितीत बँडबरोबर स्टीफन गॅलफास होता. आवाज चकचकीत, प्रतिध्वनींनी भरलेला, त्या दशकाचा शिक्का असलेला आहे. ड्रम आज ऐकताना फुगवलेले वाटतात. पण गिटारी आणि गळे टिकले.

अल्बमने बिलबोर्डच्या यादीत ३२वा क्रमांक गाठला. ‘ऑनेस्टली’ एकेरी गाण्यांच्या हॉट १०० यादीत २३व्या क्रमांकापर्यंत चढलं. एमटीव्हीवर तेव्हा ‘डायल एमटीव्ही’ नावाचा कार्यक्रम होता. प्रेक्षक फोन करून गाण्याला मत देत आणि सर्वाधिक मागणीची गाणी रोज दाखवली जात. तिथे ‘फ्री’ आणि ‘ऑनेस्टली’ला सतत मागणी राहिली. या फोनांमागे कोण होतं ते समजणं अवघड नाही. घरात मेटल ऐकायला मनाई असलेल्या हजारो ख्रिस्ती मुलांना अखेर असा एक बँड मिळाला होता, ज्याचं पोस्टर आईसमोर भिंतीवर लावता येईल. अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं आणि पुढे प्लॅटिनम ठरलेला तो पहिला ख्रिस्ती मेटल अल्बम झाला.

आणि विरोध? तो तितकाच मोठा होता. सर्वांत जड आवाज होता जिमी स्वॅगर्ट यांचा. लुइझियानातल्या बॅटन रूजहून त्यांचा टीव्ही कार्यक्रम अमेरिकाभर आणि बाहेरही पाहिला जाई. ख्रिस्ती रॉक म्हणजे मेंढराच्या कातड्यातला लांडगा आहे अशी त्यांची भूमिका होती. १९८७ मध्ये त्यांनी यावर पुस्तकच काढलं. स्ट्रायपर नवा करार प्रेक्षकांत फेकतात हे त्यांना फार लागलं. मत्तयाच्या शुभवर्तमानात डुकरांपुढे मोती टाकू नका असं येशूने सांगितलं आहे, त्याचा दाखला देऊन त्यांनी या प्रथेचा निषेध केला. स्ट्रायपरच्या कार्यक्रमांबाहेर फलक घेऊन उभे राहणारे ख्रिस्ती निदर्शकही असत.

हा घाव स्वीट बंधूंना किती लागला असेल याचा विचार करावा. १९७०च्या दशकात जे प्रवचन पाहून त्यांचं कुटुंब विश्वासात आलं, ते प्रवचनकार हेच स्वॅगर्ट होते. ज्याच्या तोंडून तारणाची वार्ता ऐकली, त्यानेच आता सांगितलं की तुमची गाणी ती वार्ता विटाळतात.

स्वॅगर्ट स्वतः उत्तम पियानो वाजवत आणि त्यांच्या भजनांच्या रेकॉर्डी लाखोंनी खपल्या होत्या. त्यांचा सख्खा मावसभाऊ म्हणजे जेरी ली लुइस, रॉक अँड रोलच्या पहिल्या पिढीतला सर्वांत बेफाम पियानोवादक. दोघे लुइझियानातल्या फेरिडे या छोट्या गावात एकत्र वाढले, एकाच तऱ्हेचा डाव्या हाताचा घुमता ठेका शिकले. एकाचं बोट मंचावर पडलं की ते पाप ठरायचं, दुसऱ्याचं तेच बोट वेदीपुढे पडलं की सेवा. म्हणजे ताल निर्दोष आहे हे स्वॅगर्ट यांच्या स्वतःच्या हातांनीच सिद्ध केलं होतं. त्यांचा आक्षेप मला प्रामाणिक वाटतो. त्यांना तरुण पोरांच्या आत्म्याची काळजी होती, मोठ्या आवाजातला, मिरवणारा देह त्यांना भक्तीशी विसंगत वाटत होता. पण संगीताचा प्रकारच भ्रष्ट असतो ही त्यांची मांडणी टिकत नाही, आणि इतिहासही तिच्या बाजूने नाही.

थॉमस डॉर्सी यांचंच पाहा. १९२०च्या दशकात ते ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने चावट ब्लूज वाजवत. पुढे शिकागोत त्यांनी त्याच ब्लूजच्या वळणांवर भजनं रचली, तेव्हा अनेक चर्चनी त्यांना दारातून परत पाठवलं. आज त्यांना गॉस्पेल संगीताचे जनक म्हणतात आणि त्यांची भजनं अमेरिकी काळ्या समाजात खोल मुरली आहेत. त्याहून मागे गेलं तर एकोणिसाव्या शतकात लंडनच्या सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेने दारूच्या गुत्त्यांत आणि करमणुकीच्या थिएटरांत गाजलेल्या चालींवर प्रभूचे शब्द बसवले, रस्त्यावर पितळी वाद्यांचे बँड उतरवले, आणि प्रतिष्ठित चर्चकडून शिव्या खाल्ल्या. दर पिढीत हा वाद नव्याने होतो, दर वेळी नवं वाद्य आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं आणि तीस वर्षांनी त्याच वाद्यावर रविवारची उपासना चालते. इलेक्ट्रिक गिटार आज अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या चर्चमध्ये वेदीशेजारीच ठेवलेली असते.

दुसऱ्या बाजूचा विरोध कमी लिहिला गेला आहे, पण तोही बोचरा होता. मेटलचं सगळं आकर्षण बंडखोरीत आहे, असं मेटलवाले मानत. घर, शाळा, चर्च, सरकार, कोणालाही न जुमानणं हा त्याचा आत्मा. मग त्यात येऊन कोणी आज्ञाधारकपणाचं गाणं गायलं तर ते ढोंग वाटणारच. मासिकांतून स्ट्रायपरची टिंगल झाली, पट्ट्यांवरून त्यांना मधमाश्या म्हणून चिडवलं गेलं. या आक्षेपात थोडं तथ्य आहे. उपदेश करायला वाद्य हाती घेतलं की संगीत मागे पडायचा धोका असतो, आणि स्ट्रायपरच्या मागून आलेल्या काही बँडांत ते झालंही. पण १९८६च्या लॉस एंजेलिसमध्ये बंडखोरी म्हणजे काय होतं? सनसेट स्ट्रिपवर प्रत्येक बँड दारू, पोरी आणि पार्ट्यांवरच गात होता. त्या गर्दीत बायबल हातात घेऊन उभं राहायला जे धैर्य लागतं, त्याला बंडखोरी म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

मला या अल्बमबद्दल खरी तक्रार आहे ती वेगळ्या ठिकाणी. यात फक्त विजय आहे. सैतान हरला, प्रभू जिंकला, तूही ये. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेचा मोठा भाग विलापाचा आहे. देवाला जाब विचारणारी, त्याने पाठ फिरवली म्हणून आक्रोश करणारी स्तोत्रं तिथे आहेत. क्रूसावरच्या येशूच्या तोंडीही असंच एक स्तोत्र आहे. मेटलसारखं वेदना बोलायला जन्मलेलं संगीत हाती असताना स्ट्रायपरने त्या विलापाला हात लावला नाही. ज्या यशयाच्या अध्यायावरून नाव घेतलं, तो तर बहुतेक दुःखाचाच आहे. तेवीस वर्षांचा मायकेल स्वीट अजून त्या दुःखापर्यंत पोचला नव्हता, आणि प्रत्येक ठिकाणी पुन्हा पुन्हा वरच्या पट्टीत जाणारा त्याचा आवाज ते दाखवतो. पुढे व्हेंजन्स रायझिंग, टूर्निकेट अशा जास्त काळोख्या बँडांनी ती जागा भरून काढली. त्यांच्यासाठी दार स्ट्रायपरनेच उघडलं होतं.

दुःख लवकरच आलं. १९८८चा ‘इन गॉड वी ट्रस्ट’ गोल्ड ठरला, पण त्याचा आवाज इतका गोड केला होता की मेटल चाहते दुरावले. १९९० मध्ये ‘अगेन्स्ट द लॉ’ आला. पट्टे गेले, शब्दांतून येशूचं नाव जवळजवळ गेलं, आणि ज्यांनी आधी केसांवरून विरोध केला नव्हता अशा ख्रिस्ती दुकानांनीही पाठ फिरवली. त्या काळात आपण दारूत बुडालो होतो हे मायकेल स्वीटने २०१४च्या ‘ऑनेस्टली’ या आत्मचरित्रात उघड सांगितलं आहे. १९९२ मध्ये तो बँड सोडून गेला. सिॲटलचं ग्रंज नावाचं रॉक तोवर रेडिओवर आलं होतं आणि त्या जमान्यातले सगळेच चकचकीत बँड एका वर्षात जुने झाले.

२००३ मध्ये चौघे पुन्हा एकत्र आले आणि तेव्हापासून काम थांबलेलं नाही. नंतरचे अल्बम पहिल्यापेक्षा जड, जास्त काळजीपूर्वक घडवलेले आहेत. नावांची जुनी खोडी मात्र गेली नाही. २०१८च्या ‘गॉड डॅम इव्हिल’ या नावावरून पुन्हा तोच वाद झाला, पुन्हा लोकांनी आतलं न ऐकता वरचं वाचलं. २०१६ मध्ये ‘टू हेल विथ द डेव्हिल’ला तीस वर्षं झाली तेव्हा बँडने दौरा काढला आणि पिवळे-काळे पट्टे घालून अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. श्रोत्यांत पन्नाशीला आलेले बाप होते आणि त्यांची मुलंही. ज्यांना १९८७ मध्ये निदर्शकांच्या रांगेतून वाट काढत आत यावं लागलं होतं, तेच आता आपल्या मुलांचा हात धरून आले होते.

तेव्हा, मेटलशी ओळख नसलेल्या वाचकांना माझी विनंती एवढीच. हा अल्बम ऐकाल तर ‘ऑनेस्टली’ने सुरुवात करू नका, जरी तेच गाणं सर्वांत गाजलेलं असलं तरी. ‘ॲबिस’पासून सुरू करा, आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवा आणि ‘फ्री’पर्यंत मध्ये थांबू नका. दोन्ही गिटारी कुठे एकत्र चालतात आणि कुठे फुटतात याकडे कान ठेवा. मग जमलं तर लगेच ‘अगेन्स्ट द लॉ’ ऐका, ज्याला चर्चने आणि बाजाराने दोघांनीही टाकलं होतं. वाजवण्याच्या दृष्टीने तो अल्बम आजवर मिळालेल्या मानापेक्षा पुष्कळ चांगला आहे.